सरकारचा हात : मराठी शब्दकोड्याचे न घेतलेले वळण

९ एप्रिल १९५७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोड्यांविषयी एकाच दिवशी दोन निकाल दिले. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला हा एक, आणि चमारबागवाला विरुद्ध भारत सरकार हा दुसरा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही निकाल पाठ असतात. जुगार हा 'व्यापार' आहे का आणि एखाद्या कायद्याचा घटनाबाह्य भाग कापून उरलेला जिवंत ठेवता येतो का, हे प्रश्न त्यांत सुटले आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मात्र ते निकाल वाचलेले दिसत नाहीत. माझ्या मते ते वाचायला हवेत. सूचक शब्द आणि त्याचे उत्तर यांचे नाते केव्हा प्रामाणिक असते आणि केव्हा लबाड, याची इतकी बारकाईने केलेली चर्चा आपल्याकडच्या समीक्षेत सापडत नाही. शिवाय मराठी शब्दकोडे आज जसे आहे तसे ते का झाले, याचे निम्मे उत्तर त्या निकालांच्या आसपास आहे.

माझ्याकडे एक वही आहे. लातूरला गंजगोलाईच्या मागे एका रद्दीवाल्याकडे ती वजनावर मिळाली. साधी, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची. वही कोणा कारकुनाची असावी असे अक्षरावरून वाटते. १९५२ ते १९५६ या काळात तो मुंबईच्या एका साप्ताहिकाच्या शब्दस्पर्धेत भाग घेत होता. प्रत्येक पानावर चौकटीची पेन्सिलने केलेली नक्कल, खाली दोन-दोन पर्यायी उत्तरे, एकावर फुली, आणि उजवीकडे मनिऑर्डरीची रक्कम. रकमेपुढे 'कलदार' असे लिहिलेले. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी हाली रुपया आणखी काही वर्षे व्यवहारात होता. मुंबईला पाठवायचे पैसे मात्र कलदारच लागत. शेवटच्या रकान्यात 'प्राप्ती' असे लिहिले आहे. चार वर्षांच्या त्या रकान्यात एकच नोंद आहे, आणि ती साडेसात रुपयांची आहे.

शेवटचे पान मार्च १९५६ चे. पुढची पाने कोरी आहेत. कारण साधे आहे. १ एप्रिल १९५६ पासून १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा अमलात आला. संसदेने तो काही राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून केला होता. त्या राज्यांत मुंबई होते तसे हैदराबादही होते, म्हणजे तेव्हाचे नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूरही त्यात आले. महिन्याला एकूण एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस द्यायचे नाही, त्याहून लहान स्पर्धेलाही परवाना घ्यायचा, आणि एका स्पर्धेत दोन हजारांहून जास्त प्रवेशिका स्वीकारायच्या नाहीत. या अटींवर लाखोंचा तो धंदा उभा राहणे शक्यच नव्हते.

ती शब्दस्पर्धा चालायची कशी, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. आजच्या वर्तमानपत्री कोड्याशी तिचे साम्य फक्त चौकटीचे. सूचना अशी असे की तिला दोन उत्तरे सारखीच लागू पडावीत. वहीतली सूचना न देता मी स्वतः त्या घाटाची एक करतो : 'उतारवयात माणसाला खरा आधार याचाच', आणि चौकटीत फक्त दुसरे अक्षर दिलेले, 'न'. आता 'धन' लिहायचे की 'जन'? दोन्हींसाठी प्रवचन देता येईल. संपादकाने एक उत्तर आधीच ठरवून मोहोरबंद लिफाफ्यात ठेवलेले असते. तुमचे उत्तर जास्त चांगले आहे की नाही, याला किंमत नाही. ते लिफाफ्यातल्या उत्तराशी जुळते का, एवढेच पाहायचे. अशा समजा वीस जागा असतील तर एकूण शक्यता होतात दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. म्हणून लोक एका चौकटीच्या दहा-दहा, वीस-वीस प्रवेशिका भरत, आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे.

न्यायालयासमोर आलेली स्पर्धा बंगळूरहून छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकाची होती. त्याचा खप आणि प्रवेशिका गोळा करणारी केंद्रे मात्र मुंबई राज्यात होती. मुंबई सरकारने १९४८ च्या आपल्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून बाहेरच्या राज्यांत छापलेल्या पत्रांच्या स्पर्धांनाही कराच्या कक्षेत आणले, आणि भांडण तिथून सुरू झाले. चालक म्हणत होते, हे कौशल्य आहे. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी ते मानले नाही. निकालात ते ऋग्वेदातल्या अक्षसूक्तापर्यंत मागे जातात, महाभारत, मनू, याज्ञवल्क्य, कौटिल्य यांची साक्ष काढतात आणि द्यूत आपल्या परंपरेत कधीच सन्मानाचे नव्हते असे दाखवतात. हा भाग सगळे उद्धृत करतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कोड्याच्या रचनेविषयीचा भाग. इंग्लंडमधल्या कोल्स विरुद्ध ओडहॅम्स प्रेस या खटल्याचा आधार घेऊन न्यायालय म्हणते त्याचा आशय असा : स्पर्धक शब्दांशी झुंजत नाही, तो न दिसणाऱ्या लक्ष्यावर अंधारात गोळ्या झाडतो आहे. ठरलेले उत्तर हेच सर्वांत समर्पक असावे असे बंधन संपादकावर नसेल, तर भाषेचे ज्ञान स्पर्धकाच्या काहीच उपयोगाचे नाही.

दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी १९५५ च्या कायद्याची व्याप्ती आखून दिली. कायद्याच्या व्याख्येत अक्षरे, शब्द वा आकडे यांच्या जुळणीवर आधारलेले कोणतेही बक्षिसी कोडे येत होते. शब्दशः घेतले तर सगळीच कोडी. न्यायालयाने सांगितले की हा कायदा जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू आहे. ज्या स्पर्धेतले यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून आहे, ती त्याच्या बाहेर. म्हणजे ज्याला खरे कोडे करायचे होते त्याला दार उघडे होते.

त्या दाराने मराठी कोडे गेले नाही. तुरळक प्रयत्न सोडले तर आपले शब्दकोडे गेली साठ-सत्तर वर्षे समानार्थी शब्दांचे राहिले आहे. 'सूर्य' म्हटले की 'रवी', 'कमळ' म्हटले की 'पंकज', 'एक नदी' म्हटले की तीन अक्षरांची नदी. निर्धोक आणि निरुपद्रवी. माझा तर्क असा की बक्षिसांच्या त्या काळाने द्व्यर्थी सूचनेलाच बदनाम केले. दोन अर्थ निघतात म्हणजे कोणीतरी फसवतो आहे, असे वाचकाच्या मनात बसले. त्यामुळे संपादकांनी दुसरा अर्थच काढून टाकला. चोराबरोबर घरधनीही हाकलला गेला.

इंग्रजीत नेमके उलटे घडले. आर्थर विन या लिव्हरपूलच्या माणसाने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले कोडे छापले, ते सरळ व्याख्यांचेच होते. ब्रिटनमध्ये गेल्यावर ते वाकडे झाले. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या नावाने एडवर्ड पॉविस मॅथर्स गूढ सूचना लिहू लागले. टोपणनाव स्पॅनिश धर्मन्यायपीठाच्या छळकर्त्याचे, आणि कोडीही तशीच छळणारी. १ फेब्रुवारी १९३० ला 'टाइम्स'ने कोडे सुरू केले. मग शिस्त आली. 'झिमेनीझ' या नावाने लिहिणारे डेरिक मॅकनट हे शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे गृहस्थ. त्यांनी १९६६ मध्ये या कलेवर पुस्तक लिहिले आणि नियम घालून दिले. एका सूचनेत दोनच गोष्टी असाव्यात, एक उत्तराची नेमकी व्याख्या आणि दुसरी त्याच उत्तराकडे नेणारा शब्दखेळ. दोन्ही एकाच शब्दावर येऊन मिळावेत, आणि त्याहून जास्त एकही शब्द सूचनेत नसावा.

आता न्यायालयाचा निकाल आणि मॅकनटचे नियम शेजारी ठेवून पाहा. लोक समजतात की गूढ कोडे म्हणजे संदिग्धता. खरे तर ते संदिग्धतेचे वैरी आहे. 'धन की जन' या सूचनेत वाट एक आणि मुक्काम दोन. गूढ सूचनेत वाटा दोन आणि मुक्काम एकच. वरवर वाचणारा फसतो, पण उत्तर सापडल्यावर ते दुसरे असूच शकत नव्हते हे त्याला कळते. लिफाफा उघडायची गरज पडत नाही. दास यांनी जी कसोटी लावून ती स्पर्धा नापास केली, तीच मॅकनटने नऊ वर्षांनी कलेचा नियम म्हणून मांडली.

मराठीत हे जमेल का, असा प्रश्न विचारला की दोन उत्तरे मिळतात. एक, आपली भाषा तशी नाही. दोन, आपल्याकडे हे हजार वर्षांपासून आहे. दोन्ही उत्तरे आळसाची आहेत.

दुसऱ्याचा आधी विचार करू. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे. संतांचे कूट अभंग आहेत, एकनाथांची भारुडे आहेत, मोरोपंतांचे ओष्ठ्य वर्ण टाळून लिहिलेले निरोष्ठ रामायण आहे. नांदेडचे शेष घराणे तर व्याकरणासाठी काशीपर्यंत गाजले, आणि ज्याला 'यमक्या' म्हणून हिणवले गेले त्या वामन पंडिताचे नाव त्याच घराण्याशी जोडले जाते. पण कूट अभंग उत्तर सांगत नाही, सांगायचा त्याचा हेतूही नाही. तो अनुभव झाकतो. उखाणा वस्तू झाकतो. गूढ कोडे शब्द झाकते, आणि शब्दाच्याच अक्षरांत झाकते. जवळचे नाते सांगायचे तर ते दुसरीकडे आहे, त्याकडे येतोच. शिवाय आपल्या साहित्यशास्त्राने या प्रकाराला कधी पाटावर बसू दिले नाही. मम्मटाने चित्रकाव्य खालच्या पायरीवर ठेवले. विश्वनाथाने तर प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकारांतूनच वगळले. मराठी समीक्षेने हा निकाल अपील न करता मान्य केलेला दिसतो. 'शब्दांची कसरत' ही आपल्याकडे अजून शिवीच आहे.

माहूर नांदेड जिल्ह्यात आहे, म्हणून महानुभावांच्या सकळ लिपीचा दाखलाही मला वारंवार दिला जातो. एका अक्षराच्या जागी दुसरे योजून त्या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके बंद ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती उलगडली. इतिहासाचार्यांचा तो पराक्रम मोठाच. पण ती लिपी वाचकाला बाहेर ठेवण्यासाठी होती. कोडे वाचकाला आत घेण्यासाठी असते. १९४२ च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कच्या गुप्तलिपी-विभागाचे बोलावणे आले. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच, असा समज पसरला. डोके एकच लागत असेल, पण नियत वेगळी.

खरे जवळचे नाते आहे ते मुअम्म्याचे. हे मराठी वाचकाला कोणी सांगत नाही, आणि नांदेडसारख्या गावात राहून ते न कळणे ही आपली करंटेपणाची गोष्ट आहे. पंधराव्या शतकात तैमुरी हेरातमध्ये मुअम्मा ही विद्वानांची चटक होती. शरफुद्दीन अली यझदीने त्यावर ग्रंथ लिहिला, जामीसारख्या थोर कवीनेही लिहिला. एका शेरात कोणाचे तरी नाव दडवायचे. वरून पाहता शेर प्रेमाचा, पण त्यातले 'डोके' म्हणजे शब्दाचे पहिले अक्षर, 'हृदय' म्हणजे मधले, 'उलटणे' म्हणजे अक्षरे उलटी वाचणे, आणि नुक्ते हलवले की दुसराच शब्द. ज्याने एकदा इंग्रजी गूढ कोडे सोडवले आहे त्याला हे सगळे ओळखीचे वाटेल. व्याख्या आणि शब्दखेळ यांची ही जोडी मॅकनटच्या पाचशे वर्षे आधीची आहे. हाच शब्द पुढे उर्दू नियतकालिकांत शब्दकोड्यासाठी रूढ झाला. दिल्लीहून १९३९ मध्ये युसूफ देहलवींनी सुरू केलेल्या 'शमा' मासिकाचा अदबी मुअम्मा घराघरांत भरला जाई, आणि बक्षिसेही मोठी. इथल्या इतवारा भागातल्या वयस्कर माणसांना आजही 'शमा' म्हटले की आधी मुअम्मा आठवतो, मग गझला. म्हणजे जी विद्या शुद्ध कसोटीची होती तिचेच नाव पैशाच्या स्पर्धेने घेतले.

आता पहिले उत्तर, 'आपली भाषा तशी नाही'. यात तथ्य आहे, पण ते कुठे आहे ते पाहिले पाहिजे.

पहिली अडचण घराची. इंग्रजीत एका घरात एक वर्ण, एकूण सव्वीस. आपल्या घरात अख्खे अक्षर जाते, मात्रा-वेलांटीसकट. चौतीस व्यंजनांची बाराखडी केली तरी चारशे आठ होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एका घरात जुळणे दुर्मिळ. 'स्वप्न' हा शब्द दोन घरांत बसतो, पण त्या 'प्न'वरून खाली जाणारा शब्द शोधून दाखवावा. शुद्धलेखनानेही यात हात घातला आहे. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले आणि 'कवि' दीर्घ होऊन 'कवी' झाला. 'कविता' मात्र ऱ्हस्वच राहिली. जुन्या लेखनात 'कवि' आणि 'कविता' यांचे दुसरे घर एकच होते. आता कवी आणि कविता एका चौकटीत भेटू शकत नाहीत. (हे काही जण अगदीच खरे मानतील.)

दुसरी अडचण सामान्यरूपाची, आणि ती जास्त खोल आहे. इंग्रजी सूचनाकार शब्द जसाच्या तसा वाक्यात कुठेही ठेवू शकतो. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे अंगच बदलते. 'कविता' या अक्षरांची फिरवाफिरव करून 'विकता' होते. पण 'कवितेचा विचका' असे लिहिले की कच्चा माल 'कविता' राहत नाही, 'कविते' होतो, आणि सूचना खोटी पडते. म्हणून शब्द प्रथमेतच ठेवावा लागतो : 'विस्कटलेली कविता बाजारात देऊन पैसे घेता (३)'. तसेच लिंगाचे. 'हार' गळ्यात पडतो आणि पदरात पडते. क्रियापद आले की अर्थ उघडा. वाट काढली तर निघते : 'गळ्यात घातलेला पराभव (२)'. क्रियापदच नाही, भांडण नाही.

या अडचणी मान्य करून काम सुरू केले की काही ठिकाणी भाषा स्वतःहून हात देते. अक्षर हेच घर असल्यामुळे शब्द उलटणे आपल्याकडे कानाला कळते. इंग्रजीत ते फक्त डोळ्याला कळते. 'सदा' उलटा म्हटला की 'दास'. 'नदी उलटली की गरीब (२)' याचे उत्तर 'दीन', आणि गोदावरीचा पूर पाहिलेल्या नांदेडकराला ती सूचना वरूनही खरी वाटते. माझ्या दृष्टीने गूढ सूचनेचे हेच यश. वरचा अर्थ गावात राहणारा असावा.

सर्वांत सोय आहे ती दडलेल्या शब्दाची. इंग्रजीत हा सोपा, थोडा हलका प्रकार मानतात. मराठीत मात्र जी विभक्ती इतर ठिकाणी आडवी येते तीच इथे कामाला येते. 'त', 'ला', 'ने', 'ची' हे प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात आणि पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षराशी हातमिळवणी करतात. 'घरात मध्यरात्री दडलेला अंधार (२)' : 'घरात'चा 'त' आणि 'मध्यरात्री'चा 'म' मिळून 'तम'. प्रत्यय नसता तर हे दडवता आले नसते. इंग्रजी नियम जसेच्या तसे आणण्याऐवजी मराठी कोड्याने या प्रकारावर जास्त भार द्यावा, असे मला वाटते.

गावांची नावे तर तयारच आहेत. 'सासरी सुखाने राहते, नांदेडचा शेवट न पाहता (२)' म्हणजे 'नांदे'. लातूरच्या बाजार समितीत काय येते हे ठाऊक असलेल्याला लातूरमधून 'ला' काढल्यावर काय उरते ते सांगावे लागत नाही. जोडणीचा एक नमुना मला विशेष आवडतो, कारण त्यात १९५५ चा कायदाच आहे : 'दोन दिवसांपूर्वी नकार मिळाला, तरी सरकारची मुभा (४)'. परवा, आणि ना. आणि या लेखाला ज्यावरून नाव दिले ती सूचना तर दोनच शब्दांची आहे : 'सरकारचा हात (२)'. कर.

लातूरचा उल्लेख झालाच आहे, तर आणखी एक. या शहराचे नाव आज देशभर परीक्षांच्या 'लातूर पॅटर्न'साठी घेतले जाते. चार पर्यायांतून एक. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक. हिशेब करा : डोळे मिटून ठोकत गेले तरी सरासरी पाव गुण पदरात पडतोच. परीक्षा घेणारेही तोच पेच सोडवू पाहतात जो १९५७ मध्ये न्यायालयासमोर होता, नशीब आणि कौशल्य वेगळे कसे करायचे. मी इथल्या मुलांना दोष देत नाही. त्यांची मेहनत मी रात्री अकराला अभ्यासिकांचे दिवे पाहून जाणतो. पण पर्याय समोर ठेवले की शोध संपतो, निवड उरते. वहीतल्या त्या कारकुनानेही चार वर्षे निवडच केली. त्याच्या काही पानांवर मात्र समासात पेन्सिलने तिसराच शब्द लिहिलेला आहे, दोन्ही पर्यायांहून चांगला, आणि त्यावर रेघ मारलेली. भरायच्या यादीत तो नव्हता. माझ्यासाठी त्या वहीतले साहित्य तेवढेच.

कौशल्य की नशीब, हा वाद पुढेही त्याच निकालावरून चालत राहिला. १९६७ मध्ये रमी कौशल्याचा खेळ ठरली, मोबाइलवरच्या क्रिकेट-संघांच्या खटल्यांतही चमारबागवाला हे नाव पुन्हा पुन्हा आले. आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद केला आहे. वेंकटराम अय्यर यांनी ठेवलेला फरक निदान तिथे तरी पुसला गेला. घरे उद्ध्वस्त होत होती, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. पण कोड्यावर प्रेम करणाऱ्याने लक्षात घ्यावे की कौशल्याच्या बचावाला पैसे लावायची गरज कधीच नव्हती. इंग्रजी गूढ कोड्यांची इंडियन क्रॉसवर्ड लीग २०१३ मध्ये आपल्याकडे सुरू झाली ती मानासाठीच खेळली गेली. मराठीत तशी स्पर्धा भरवायला एखादे वाचनालय, पंधरा बाय पंधराऐवजी नऊ बाय नऊची चौकट आणि 'ऱ्हस्व-दीर्घ पाळले आहे' अशी एक ओळ पुरेल. ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करावे, ही वर्तमानपत्री कोड्यातली सवलत तेवढी नको. तिने घरे जुळतात, पण 'दिन' आणि 'दीन' एक होतात, आणि मग नदी उलटून उपयोग काय?

तीन सूचना वाचकांसाठी सोडतो. पर्याय नाहीत, प्रवेशशुल्क नाही, आणि मोहोरबंद लिफाफाही नाही. उत्तर आले की आले हे तुमचे तुम्हालाच कळेल.

राधा परतली आणि पाण्याचा प्रवाह (२)

जंगल उलटे केले तरी ताजे (२)

रानात वाटेवर दडलेले भाकरीचे साधन (२)